एक मिनिट बावन्न

पहिल्या फेरीला मी हॉर्न शोधत होतो. वळण आलं, पलीकडचं दिसेना, आणि बावीस वर्षांच्या सवयीनं तळहात आपोआप स्टेअरिंगच्या मधोमध पडला. वाजलं काहीच नाही. तोवर गाडी डांबर सोडून खडीत जाऊन बसली आणि चाकं जागच्या जागी गरगरायला लागली. माझ्या खुर्चीमागं उभी राहून माझी पोरगी पोट धरून हसत होती.

"पप्पा, इथं समोरून कुणी येत नाही. सगळे एकाच दिशेनं पळतात."

"मग वळणावर हॉर्न द्यायचा न्हाई?"

"ब्रेक द्यायचा."

खेळ कॉम्प्युटरवरचा, शर्यतीच्या गाड्यांचा. पोरगी पुण्यात एका कंपनीत कामाला आहे. आठवड्यातले तीन-चार दिवस ती कळंबला घरूनच काम करते आणि काम उरकलं की हा खेळ खेळते. मैत्रिणीकडून तिनं जुनं स्टेअरिंग आणि पायाखालचे पेडल घेतले होते. ते सगळं तिनं माझ्यासाठी मधल्या खोलीत आणून लावलं, तिच्या आईच्या शिलाई मशीनच्या टेबलाला आवळून. का लावलं, हे सांगायला मला अजून जड जातं. पण सांगतो.

मी जीपवाला. मंचर, घोडेगाव, डिंभे आणि तिथनं धरणाच्या पाण्याकडेनं वळणं घेत थेट आहुपे, ही आमची लाइन. सकाळी एक खेप, दुपारी एक. आत दहा माणसं बसायची जागा, आम्ही सोळा बसवायचो, आणि मागच्या दांडीला चारजण लोंबकळायचे ते वेगळे. टपावर हिरड्याची पोती, तांदळाची पोती, कधी पाय बांधलेल्या कोंबड्या. या लाइनीत ड्रायव्हरची पारख करायची एकच रीत. त्याला ताप आहे का, त्याच्या घरात भांडण झालंय का, त्याचा चष्मा बदलायला झालाय का, हे कुणी विचारत नाही. गाडी टायमात आली ना? मग माणूस ठीक. एवढंच. आणि मी बावीस वर्षं टायमात आलो. फुशारकी मारत नाही, कुणालाही विचारा.

मागच्या दिवाळीच्या तोंडावर घोडेगावच्या स्टँडवर मी गाडी काढली आणि डावीकडून आलेल्या दुधवाल्याला घातली. तो पडला, त्याचे दोन्ही कॅन उलटले, दूध रस्ताभर. त्याला खरचटण्यापलीकडं काही झालं नाही, देवाची कृपा. पण तो ओरडत होता, "डोळं फुटलं का तुजं? कवापासून हात करतोय!" आणि मी शपथेवर सांगतो, तो मला दिसलाच नव्हता. अंधार नाही, धुकं नाही, सकाळचे दहा वाजलेले. माणूस हात करत होता, आणि माझ्या लेखी तिथं नुसता मोकळा रस्ता होता.

मंचरला डोळ्याच्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. त्यांनी एका पांढऱ्या टोपल्यासारख्या मशीनपुढं हनुवटी टेकवायला लावली, एक डोळा झाकला आणि हातात बटण दिलं. मधल्या पिवळ्या दिव्याकडं बघत राहायचं आणि आजूबाजूला बारीक ठिपका चमकला की बटण दाबायचं. मला वाटलं, यात काय मोठं? मी एका लयीत दाबत गेलो. बाई म्हणाल्या, "काही नसताना पण दाबताय तुम्ही. परत करू या." परत केलं. कागद आला, त्यावर माझ्या दोन डोळ्यांची दोन वर्तुळं आणि दोन्हीत डावीकडून काळं चढत आलेलं.

काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढून नजर कडेकडेनं मरत जाते आणि माणसाला पत्ता लागत नाही, कारण मधलं शाबूत असतं. "गेलेलं परत येत नाही," बाई म्हणाल्या. "राहिलेलं राखायचं. हे दोन प्रकारचे थेंब, सकाळ-संध्याकाळ, एक दिवस न चुकता."

"आन् गाडी?"

"गाडी बंद."

"किती दिवस?"

त्या लिहीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सहा महिन्यांनी परत मशीनवर बसा, मग बघू."

'मग बघू' एवढंच मी धरून बाहेर पडलो. बाकीचं सगळं त्यांच्या टेबलावर ठेवून आलो म्हणा ना. आमच्या लाइनीत रीत आहे, आजारी माणसाचा स्टँडवरचा नंबर सहा महिने राखून ठेवतात. त्याची खेप बाकीचे आळीपाळीनं मारतात, पण नंबर त्याचाच राहतो. सहा महिन्यांत तो उभा राहिला नाही तर नंबर दुसऱ्याला. माझं गणित सोपं होतं. सहा महिने काढायचे, मशीनवर पास व्हायचं आणि आपल्या नंबराला जाऊन उभं राहायचं. त्याशिवाय मला दुसरं काही येतच नव्हतं. शेतात मी कधी रमलो नाही, दुकान टाकायचा स्वभाव नाही. गाडीतून उतरवलेला मी म्हणजे कोण, हे माझं मलाच ठाऊक नव्हतं.

पहिले पंधरा दिवस मी दारात उभ्या जीपकडं बघत बसून काढले. बायकोवर विनाकारण खेकसलो. चहा गार का, चहा गरम का, सगळ्यावर. तेव्हा पोरीनं ते स्टेअरिंग आणलं. दुधाची तहान ताकावर, असं मी म्हणालो. म्हणालो खरं, पण संध्याकाळी बसलो.

पहिली धड फेरी पूर्ण झाली ती दोन मिनिटं एकोणीस सेकंदांत. पोरगी त्याच रस्त्यावर तीच गाडी एक मिनिट एकोणपन्नासमध्ये आणायची. तीस सेकंद! बावीस वर्षं गाडी चालवलेला बाप आणि जिला मी धड सायकल शिकवली नाही ती पोरगी. मला हसू आलं नाही, राग आला.

आणि मग तिनं मला शिकवायला घेतलं. आधी खुर्ची. जोरात ब्रेक मारला की प्लास्टिकची खुर्ची मागं सरकायची आणि पेडल पुढं पळायचे. खुर्चीमागं धान्याची कोठी आणि पेडलांपुढं पाटा लावला, तेव्हा कुठं बैठक पक्की झाली. बायको म्हणाली, "आता चटणी तुमच्या पेडलावर वाटू का?" मग ब्रेक. मी ब्रेक कसा मारायचो, तर लांबून, हळूहळू, लोणी लावल्यासारखा. पोरगी म्हणाली, "सरळ रस्त्यावर, उशिरा आणि जीव खाऊन दाबा. मग सोडत सोडत गाडी वळणात घाला. आतल्या कोपऱ्याला चाक लागलं पाहिजे. गाडीचं तोंड वळणातून सरळ व्हायला लागलं की रेस द्या."

मला ते जमेना. जीव खाऊन ब्रेक मारला की मागचे चौघे दांडीवरून सुटून रस्त्यावर पडले असं वाटायचं. पहिल्यांदा पूर्ण ताकदीनं दाबला तेव्हा माझ्या तोंडून आपसूक निघालं, "धरा रे मागं!" मायलेकी दोघी हसून हसून लोळल्या. मीही हसलो. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणी हसत होतं.

खरी खोड वेगळीच निघाली. खेळात फेरी झाली की एक चित्र बघता येतं. ब्रेक किती दाबला त्याची लाल रेघ, रेस किती दिली त्याची हिरवी. पोरीनं माझं चित्र तिच्या चित्राशेजारी लावलं. तिची लाल रेघ संपायच्या आत हिरवी सुरू झालेली. माझ्या लाल आणि हिरवीच्या मधे प्रत्येक वळणाला मोकळी जागा.

"इथं तुमचे पाय काय करतायत पप्पा?"

"काय न्हाई. गाडी चाललीय की तिच्या तिच्या पायानं."

"तेच. तीस सेकंद इथं गेलेत."

ती सवय मला कुठं लागली ते मला लगेच कळलं. उतार आला की रेस सोडायची, न्यूट्रल करायचं आणि गाडी आपली आपण घरंगळू द्यायची. डिझेल वाचतं. आमच्या लाइनीत ज्याला घरंगळू देता येत नाही तो ड्रायव्हरच नव्हे. आणि इथं तेच चुकीचं. मोकळा एक क्षण चालत नाही, पाय या नाहीतर त्या पेडलावर पाहिजेच. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, पण माझी गेली. दोन महिने लागले. रोज सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. मोकळी जागा कमी होत गेली आणि टाइम उतरत गेला. दोन आठ. दोन एक. ज्या दिवशी दोन मिनिटांच्या आत आलो त्या दिवशी मी पोरीला आइस्क्रीम आणायला पाठवलं. मग एक सत्तावन्न. मग एक पंचावन्न.

इथंच माझ्या डोक्यात ते शिरलं. मी ते कुणाला बोललो नाही, पण मनात पक्कं झालं की टाइम उतरतोय म्हणजे डोळे सुधारतायत. असं कसं वाटलं म्हणाल? मला विचाराल तर याच्याइतकं सरळ दुसरं काही नव्हतं. आंधळा होत चाललेला माणूस दर आठवड्याला जास्त वेगात गाडी कशी चालवेल? बाईंचं मशीन ठिपके मोजतं, हे घड्याळ गाडी मोजतं. मी गाडीवाला, मी घड्याळाचं ऐकलं. गाडी टायमात, माणूस ठीक.

आणि थेंब. थेंब घातले की डोळे चुरचुरायचे, लाल व्हायचे आणि अर्धा-पाऊण तास सगळं धुरकट दिसायचं. त्या धुरकटात बसलो की टाइम सेकंद-दीड सेकंदानं चढायचा. हे मी चार-पाच वेळा करून बघितलं. थेंब घातले, एक छप्पन. न घालता, एक चोपन्न. मग मी सकाळचे थेंब खेळ झाल्यावर घालायला लागलो. मग खेळ झाल्यावर विसरायला लागलो. मग विसरलो नाही, मुद्दाम घातलेच नाहीत. या थेंबांनीच डोळे खराब होतायत, असं माझं मला मी पटवलं. बायको रोज स्वयंपाकघरातून विचारायची, "थेंब घातलं का वो?" मी मोरीत दोन थेंब पिळायचो, बाटली कमी झालेली दिसावी म्हणून, आणि म्हणायचो, "घातले."

रोज. तीन महिने.

शिव्या घाला मला. मी स्वतःला रोज घालतो.

चैत्रात माझ्या लाइनीतला जोडीदार घरी आला. माझ्या नंतरचा नंबर त्याचा, वीस वर्षांची सोबत. माझी खेप सगळ्यात जास्त त्यानंच ओढली होती. चहा पीत माझ्यामागं बसला आणि मी त्याला फेरी मारून दाखवली. एक मिनिट बावन्न. माझी आजवरची सगळ्यात भारी फेरी. प्रत्येक वळणाला ब्रेक उशिरा, आतल्या कोपऱ्याला चाक, लाल रेघेला हिरवी चिकटलेली.

"आयला!" तो उठून उभाच राहिला. "ह्या माणसाला कोण आंधळा म्हणतंय राव? लई म्हंजी लईच! चल उद्याच लाइनीला. कटाळा आला मला तुझ्या खेपा मारून."

"डॉक्टरचा कागद येऊ दे," मी म्हणालो. "महिनाच राह्यलाय."

तो गेल्यावर मी अंगणात जाऊन जीप पुसून काढली. काचा, आरसे, बोनेट. डाव्या बाजूला फडकं मारताना दारातल्या बादलीला पाय लागला आणि ती कलंडली. बादली तिथं होती हे मला माहीत नव्हतं. मी बायकोवर ओरडलो, वाटेत बादल्या ठेवतेस म्हणून.

मशीनची तारीख आठ दिवसांवर आली होती. रविवार होता. पोरगी म्हणाली, "आज दोघं बरोबर पळू." ती तिच्या लॅपटॉपवर, मी माझ्या स्टेअरिंगवर, दोघांच्या गाड्या एकाच रस्त्यावर. तीनेक फेऱ्या झाल्या असतील, तिला ऑफिसचा फोन आला. ती फोनवर बोलत बसली. मला वाटलं ती खेळातून बाहेर पडली. मी आपला माझा माझा फिरत राहिलो, टाइम चांगला येत होता. आणि चौथं डावं वळण सोडताना धाडकन काहीतरी बसलं, गाडी तीन गिरक्या घेऊन भिंतीला गेली.

"ए, कुठनं आलीस मधीच?" मी हसतच ओरडलो.

ती हसली नाही. फोन कानाचा काढून तिनं हातात धरला होता.

"पप्पा, मी तिथं उभीच होते."

"कुठं?"

"वळणाच्या आतल्या कडेला. फोन आला म्हणून गाडी लावून ठेवली होती. तुम्ही तीन वेळा माझ्या शेजारून गेलात. मला वाटलं मुद्दाम चुकवताय."

तिनं फोन बंद केला, आली, आणि काही न सांगता माझ्या स्क्रीनवर दुसराच रस्ता लावला. "यावर एक फेरी मारा." मी म्हणालो हा रस्ता मला ठाऊक नाही. ती म्हणाली, "म्हणूनच."

पहिल्या डाव्या वळणाला बाहेर गेलो. परत सुरुवात. परत बाहेर. रस्ता डावीकडं वळायचा तो वळून गेल्यावर मला कळायचं. मान वाकडी करून बघावं तर उजवीकडचं सुटायचं. अकरा वेळा सुरुवात केली, एकदाही फेरी पुरी झाली नाही. दिवाळीनंतर पहिल्या दिवशी अनोळखी रस्त्यावर मी धडपडत का होईना दोन एकोणीस आणले होते. आता तेवढंही येत नव्हतं.

"ब्रेकच्या पाट्या दिसतायत का तुम्हाला?" तिनं विचारलं. "डाव्या कडेला, प्रत्येक वळणाआधी. शंभर मीटर, पन्नास मीटर."

"ह्या रस्त्याला असतील."

"त्या रस्त्याला पण आहेत पप्पा. पहिल्या दिवशी सांगितलं होतं मी, शंभरच्या पाटीवर ब्रेक मारा म्हणून. तुम्ही अगदी पाटीवरच मारत होता. रोज."

मी पाटीवर मारत नव्हतो. चाकाखाली खडखड वाजली की मनात तीन आकडे मोजायचो आणि दाबायचो. इंजिनाचा आवाज चढला की सोडायचो. आहुप्याचा रस्ता मला जसा पाठ होता, कुठल्या खड्ड्यानंतर कुठलं वळण, तसाच पाच महिन्यांत हा रस्ता मी पाठ केला होता. बघत नव्हतोच. टाइम उतरत होता तो पाठांतराचा. त्याच्या मागं डोळे कधी विझत गेले ते मला कळायचं काही साधनच मी ठेवलं नव्हतं. आणि घोडेगाव-आहुपे तरी मी गेली काही वर्षं बघून चालवत होतो का? सोळा माणसं आत आणि चार दांडीवर घेऊन? त्या विचारानं मला त्या खुर्चीत घाम फुटला. अजूनही फुटतो.

आठ दिवसांनी मंचरला तिघंही गेलो. पुन्हा ते पांढरं टोपलं, पुन्हा बटण. या वेळी मी लयीत दाबलं नाही, दिसलं तरच दाबलं. मशीन प्रत्येक ठिपक्याला बारीक टक करतं. टक, टक, टक असं किती वेळ चाललं होतं, आणि माझा अंगठा बटणावर तसाच पडून होता. ठिपकाच येत नव्हता.

बाईंनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. दिवाळीचा आणि आजचा. काळं इतकं पुढं आलेलं की उजव्या डोळ्यात मधे एक वाटोळ्या खिडकीसारखं पांढरं उरलं होतं आणि डाव्यात तेही अर्धं.

"सहा महिन्यांत इतकं होत नाही," त्या म्हणाल्या. "थेंब नियमित चालू आहेत ना?"

मी तोंड उघडायच्या आत बायको बोलली. ताठ बसून, खात्रीनं, "एक दिस चुकला न्हाई बाई. सकाळ-संध्याकाळ. मी सवता इचारते रोज."

"मग औषध लागू पडत नाहीये. ऑपरेशनचा विचार करावा लागेल, दोन्ही डोळ्यांचा, लवकर." त्यांनी पेन उचललं.

आता गप्प बसलो असतो तर खोट्यावर ऑपरेशन झालं असतं. मी म्हणालो, "बाई, मी थेंब घातलेच नाहीत."

बाईंनी पेन खाली ठेवलं. बायको माझ्याकडं बघत असावी. पोरीनं दोन्ही हात तोंडावर घेतले, ते मला दिसलं, कारण ती समोर बसली होती.

"घातले असते तर?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"दिवाळीला होतं तेवढं बहुतेक राहिलं असतं," बाई म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसतं खरं ते बोलल्या आणि थेंबांची नवी चिठ्ठी लिहून दिली.

स्टँडवर आलो. जोडीदार गाडीला टेकून उभा होता, लांबूनच ओरडला, "काय पावणं, पास का? कवापासनं येतोस?" बाकीचेही वळले. बावीस वर्षांची ओळखीची माणसं. मी म्हणालो, "नंबर देऊन टाका कुणाला. मला दिसत न्हाई राव." त्याला वाटलं मी थट्टा करतोय, तो हसायला लागला आणि मग पोरीचा चेहरा बघून थांबला. त्यानं मला हाताला धरून गाडीत चढवलं. माझ्याच लाइनीत, मला, हाताला धरून. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. सगळ्यांपुढं रडलो.

मागच्या सीटवर बसलो आम्ही. कळंबपर्यंतचा रस्ता लांब नाही, पण त्या दिवशी संपता संपेना. पोरगी पुढं बसून हुंदके देत होती. मधेच मागं वळून म्हणाली, "मीच आणलं ते घरात. मीच शिकवलं तुम्हाला." तिला कसं सांगू की तिनं शिकवलेलं सगळं बरोबर होतं? ब्रेक, वळण, रेस, सगळं. त्यात तिची काहीच चूक नव्हती. चूक सगळी माझी.

बायको माझ्या डाव्या हाताला बसली होती. मग हळू आवाजात, पुढच्यांना ऐकू जाऊ नये असं बोलली, "डोळं गेलं तरी मी हाये. हात धरून नेईन कुठंबी. त्येचं काय वाटत न्हाई मला. पण रोज इचारत व्हते की वो मी. रोज. आन् तुमी रोज खोटं बोललात. का?"

माझ्यापाशी उत्तर एकच होतं, आणि ते आता किती खुळं वाटतंय हे मला बोलायच्या आधीच कळलं होतं. तरी बोललो.

"मला टायमात यायचं व्हतं गं."

तिचा चेहरा मला दिसत नव्हता. नुसता आवाज आला.

"कुठं?"